फरशीपुराण, कुंपणापलीकडून

वहिनी, ओ वहिनी! कपडे राहू द्या वाळत, इकडे या जरा. काल भाऊजी हॉलमध्ये मेजरटेप घेऊन रांगत होते ना, खिडकीतून दिसले मला. तेव्हाच ह्यांना म्हटलं, शेजारची फरशी निघाली. काय घेताय? थांबा, रंग नका सांगू. रंग नंतर. बसवणार कशी ते सांगा. सरळ, तिरकी, विटेसारखी, की ते हेरिंगबोन का काय?

हेरिंगबोन? अहो, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तेच केलंय. मी नावं ठेवत नाही हं. हॉल त्यांचा ऐसपैस, तिथे शोभतं. पण बेडरूमकडे जाणारा तो तीन फुटी बोळ आहे ना, तिथेही बाईंनी तेच नेलं. आता दोन्ही भिंतींशी नुसती कतरण, अख्खी टाइल शोधावी लागते. कारागिराने मजुरी वेगळी लावली ती लावलीच, वर टाइल कमी पडली. दहा टक्के जास्तीची घेतली होती म्हणे. अहो, दहा टक्के सरळ बसवायला पुरतात. ह्याला पंधरा तरी धरायला हवेत. ओळीच्या टोकाला तिरका तुकडा कापायचा आणि उरलेला कुठेच बसत नाही. मग धावले दुकानात, तर त्या बॅचचा माल संपलेला. नव्या पेट्या आल्या त्या किंचित पिवळट. आता तिथे पायपुसणं टाकलंय. चांगलं सतरंजीएवढं पायपुसणं. गेलात की बघा, पण मी सांगितलं म्हणू नका.

आणि भाऊजींना सांगा, नुसती लांबी-रुंदी मोजून काही कळत नाही. या कॉलनीत एक भिंत गुण्यात असेल तर शपथ! कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करायची, दुसरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. बरोब्बर पाच फूट आलं तर काटकोन. आमच्याकडे पाचाच्या वर इंचभर आलं. बिल्डर गेला, नाहीतर त्याला बोलावून दाखवलं असतं. अशा खोलीत सरळ ओळीने बसवत गेलं, की शेवटच्या भिंतीशी एकीकडे चार बोटांची पट्टी येते आणि दुसरीकडे बोटभर. पाहुण्याची नजर नेमकी तिथेच जाते. तिरकी बसवली तर भिंतीशी सगळे त्रिकोणच येतात, कमी-जास्त खपून जातं. नुकसानी मात्र वाढते.

आमचे मिस्त्री कानामागे पेन्सिल, तोंडात तंबाखू, बोलायचं नाव नाही. पण काम बघावं. खोलीच्या मधोमध दोन दोऱ्या ताणल्या, माल न लावता एक उभी आणि एक आडवी ओळ नुसती मांडली. मग दोरी वीतभर इकडे, चार बोटं तिकडे, असं अर्धा दिवस चाललं. ह्यांची चुळबुळ सुरू झाली, की मजुरी आपण कशाची देतोय. शेवटी वाकडी पट्टी दिवाणाखाली गेली आणि दारात अख्खी टाइल आली. तुम्ही आमच्याकडे इतक्यांदा येता, दिसली कधी ती पट्टी? मग! कतरण कुठे दडवायची ते आधी ठरवा, नक्षी मागून.

काय? लाकडासारख्या लांब पट्ट्या? सुनेच्या बहिणीकडे पुण्याला आहेत. दिसतात छान. पण चार फुटी पट्टी भट्टीतून निघते तेव्हाच मध्ये नखभर फुगलेली असते. विटेसारखी बरोब्बर अर्ध्यावर सरकवून बसवली, की एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाला भिडतो. डोळ्यांना दिसत नाही, पण अनवाणी चाललं की अंगठ्याला लागतं. त्यांच्याकडे व्याही रोज ठेचकाळतात. अर्ध्यावर नाही, तिसऱ्या हिश्श्यावर सरकवायची. बऱ्याच पेट्यांवर तसं छापलेलंही असतं. पण पेटी वाचतो कोण? तिच्यावर बसून चहा पितात!

बाथरूममध्ये तेवढं दुकानदाराचं ऐकू नका. दोन बाय दोनची एकच टाइल सगळीकडे लावा, सांधे कमी, असं तो सांगेल. भिंतीवर लावा खुशाल. पण आंघोळीच्या जागेला जाळीकडे ढाळ हवा, फुटाला पाव इंच तरी. जाळी मध्ये घेतली तर हा ढाळ चारी बाजूंनी येणार, आणि एवढी मोठी टाइल काही चादरीसारखी वाकत नाही. मग ती तिरकी कापावी लागते, नाहीतर पाणी साचतं. तिथे बारकी मोझॅकच घ्या, ढाळाबरोबर वळते आणि सांधे जास्त म्हणून पायही घसरत नाही. सासूबाई आहेत तुमच्या, चकचकीत तर मुळीच नको. आणि वॉटरप्रूफिंग झालं की फरशीच्या आधी चोवीस तास पाणी साठवून बघा. कारागीर म्हणेल, गरज नाही. त्याला म्हणावं, खालच्या छताचा रंग तू देणार का?

आता ओट्यामागचं. थांबा, मीच सांगते. लेकीने फोटो पाठवला असेल, पांढऱ्या बारीक विटांसारखा. ओळखलं की नाही? ती सबवे टाइल. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तिथल्या स्टेशनांच्या भिंतींना लावलेली, तीन बाय सहा इंची. स्टेशनात कुणी मोहरी तडतडवत नाही हो! आपल्या एक बाय दीड फुटाच्या एका टाइलच्या जागेत तसल्या बारा बसतात. सांधे मोजा. पांढऱ्या सिमेंटने भरलेत तर दिवाळीपर्यंत सगळ्या रेघा हळदीच्या. लावायचीच असेल तर सांध्यात इपॉक्सी भरा. खिसा कापला जातो, पण फडकं मारलं की डाग निघतो. आणि विटेसारखीच लावा. एकावर एक सरळ रचली, की टाइलमधला केसभर फरकसुद्धा चार ओळी वर गेल्यावर दिसायला लागतो. ओट्यावर अख्खी टाइल बसवून वर चढायचं, कापायची ती कपाटाखाली. स्विचबोर्डाच्या जागाही आत्ताच ठरवा, नाहीतर मिक्सरचा प्लग नेमका सांध्यावर, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

नक्षीदारच हवी असेल तर आमच्या मावशीच्या गिरगावातल्या चाळीत होत्या तशा सिमेंटच्या बघा, चार मिळून एक फूल होणाऱ्या. मुंबईत भारत फ्लोअरिंगवाले १९२२ पासून करतात. पण मग कारागिराशेजारी तुम्ही स्वतः उभ्या राहा. एक फरशी उलटी फिरली की पाकळी भिंतीकडे तोंड करून बसते.

बरं, पेटीभर अख्ख्या टाइल माळ्यावर ठेवाल ना? ठेवा. नळवाला कधी भिंत फोडेल, नेम नाही. पण तुकडे? भंगारात देऊ नका हं. आम्हाला गच्चीवर चायना मोझॅक करायचंय, उन्हाळ्यात वरची खोली नुसती भाजून निघते. त्याला पांढरे तुकडे चांगले, ऊन परतवतात. म्हणून विचारते, हॉलला रंग कुठला घेताय? नाही, तुमच्या आवडीचा घ्या हो. पण पांढरा उठून दिसेल तुमच्याकडे. आणि ते हेरिंगबोन… मोठा आहे की तुमचा हॉल. करा खुशाल!