फाटा ते वाडी

मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, वजन बॅटरी सोडून 60 किलोपर्यंत. एवढ्या अटींत बसणारी विजेवरची दुचाकी केंद्रीय नियमांच्या लेखी मोटार वाहनच नाही. तिला नंबरप्लेट नको, चालवणाऱ्याला लायसन नको. घरातला चटणीचा मिक्सर सहज 500 वॅटचा असतो. म्हणजे ही गाडी मिक्सरच्या निम्म्या जोराची. दिवसरात्र गाड्या जुळवणाऱ्या चाकण पट्ट्यात हिला कोण विचारणार?

आमचे मामा विचारतात. ते खेड तालुक्यातले, पंचाहत्तरीच्या पुढचे. या वयाच्या लोकांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट आहे. सरकारने सगळा महाराष्ट्र मोकळा करून दिला, पण एसटी थांबते फाट्यावर आणि मामा राहतात वाडीत. त्यामुळे त्यांना पंढरपूर जवळ आणि फाटा लांब. मुलाला म्हणावं, तर तो रात्रपाळी करून झोपलेला. नातू तयार असतो, पण तो बाइक अशी काढतो की विठ्ठलाचा धावा वाडीतूनच सुरू होतो. शिवाय, "जरा सोडतोस का रे?" हे म्हणण्याआधी मामांना दोनदा घसा खाकरावा लागतो. ज्यांनी उभ्या जन्मात कुठे निघालो हे मामीला सांगितलं नाही, त्यांना आता दाढी करायला जायचं तरी घरभर जाहीर करावं लागतं.

तशी ही पिढी दुचाकीला नवखी नाही. दुष्काळाच्या त्याच 1972 साली बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लूनाही. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. लूना लगेच मिळे आणि चढावर पायडलही मारू देई. दोघी आता विजेवर परतल्या आहेत. नवी चेतक आधी चाकणला बनू लागली, 2022 पासून आकुर्डीत. ई-लूना 2024 मध्ये आली. पण दोघी 25 च्या वर पळतात, म्हणजे लायसन आलंच. मामांचं लायसन कधीच संपलंय. ते नवं करायचं तर डॉक्टरचा दाखला आणि आरटीओची वारी. मला विचाराल तर या वयाला तीनच गोष्टी हव्यात : बुटकी सीट, थांबल्यावर पाय टेकावा लागू नये म्हणून तिसरं चाक, आणि पुढे मोठी टोपली.

चार्जिंगची धास्ती मामांना नाही. शेतीपंपाची थ्री-फेज पाळीने येते, तिच्यासाठी त्यांनी रात्री जागून काढल्यात. या गाडीला घरातली सिंगल-फेज पुरते. त्यांची तक्रार वेगळीच : आवाज नाही. वाडीत कोण आलं हे फटफटीच्या आवाजावरून कळतं. न बोलता अंगणात येणारी गाडी त्यांना संशयास्पद वाटते. कोंबड्यांनाही वाटेल. मी म्हटलं, "हॉर्न असतो की." मामा म्हणाले, "मग हॉर्न वाजवतच फिरू?"

मामींना वेगाची काळजी. "25 म्हणजे फार का हो?" असं त्यांनी मला विचारलं.

उत्तर मामांनी दिलं, "अगं, पाळी सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात 25 ने कोण जातंय, ते तरी दाखव!"