गंगावेशीतली जर्मन गाडी

सेल्समन पोरगा म्हणाला, “सर, हायवेला घेऊ. पाच मिनिटांत प्रेमात पडाल.”

मी म्हटलं, “मला रोज हायवेला कोण बोलावतंय? महाद्वार रोडनं घेऊ.”

त्याचा चेहरा असा पडला, जणू मी गाडी रंकाळ्यात घालतो म्हटलं होतं.

गाडी जर्मन आणि म्हणे ‘छोटी’. छोटी म्हणजे साडेचार मीटर लांब. बायको त्याला म्हणाली, “मी पुढं बसतो. बाळा, तू मागं हो.” कोल्हापूरच्या बायकांचं हे ‘बसतो’ ऐकून पुण्याची माणसं दचकतात, पोरगं मुकाट्यानं मागं गेलं.

महाद्वार रोडवर गाडीची सगळी इंद्रियं जागी झाली. डावीकडं गजरेवाली, पीं. उजवीकडं चपलांचं दुकान, पीं पीं. समोर अंबाबाईच्या दर्शनाला निघालेलं अख्खं वऱ्हाड. पडद्यावर गाडीभोवती लाल रिंगण उमटलं.

“सर, सेन्सर धोका ओळखतो.”

“ह्याला धोका नाही, शुक्रवार म्हणतात.”

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्याजवळ म्हैस आडवी आली. गाडी आपोआप थांबली. म्हैस आपोआप हलली नाही. म्हातारा मालक काचेशी वाकला.

“किती देती?”

“शहरात दहा.”

“लिटर?”

“किलोमीटर.”

“मग आमची बरी. बारा लिटर देती, वर शेण.”

धारोष्ण दुधाचा पेला घेतला, तर तो कप होल्डरमध्ये मावेना. कॉफी पिणाऱ्यांनी काढलेली गाडी! बायकोनं पन्हाळ्यापर्यंत पेला हातात धरला.

शिवाजी पूल ओलांडल्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं. पट्टा सोडला की स्टिअरिंग थरथरायचं. ट्रॅक्टरला मात्र पट्टा ही चीज ठाऊकच नव्हती. पण खरं सांगायला हवं: पन्हाळ्याच्या चढाला गाडी नुसत्या पायाच्या इशाऱ्यावर सुटली. नाद खुळा! वर पोचल्यावर मी स्टेपनी बघितली, तर सायकलचं चाक वाटावं इतकी बारीक. मागच्या सीटवरही मधे उंचवटा, त्यामुळं तिसऱ्यानं पाय कुठं ठेवायचे ते त्यानंच ठरवायचं. पोरगं सारखं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत होतं.

परतताना दसरा चौक लागला. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक दसऱ्याला छत्रपतींना घेऊन इथं येते. सोनं लुटून झालं की परत न्यू पॅलेसवर.

“आपणही वर्षातून एकदाच काढू,” मी म्हटलं.

“आणि बाकीचे दिवस?” बायको म्हणाली. “ती पॅलेसवर असते. आपण शिवाजी पेठेत असतो.”

मागून पोरग्यानं फॉर्म पुढं केला. “सर, रंग कुठला लिहू?”

“आधी आमच्या बोळाची रुंदी लिही,” ती म्हणाली.