ओलेकर

त्याचं खरं आडनाव सांगून उपयोग नाही, कारण त्यावरून त्याचं गाव कळत नाही. इंग्रजांच्या आडनावांचा हा मोठाच दोष आहे. म्हणून पहिल्या भेटीनंतर घरी येता येता मीच त्याचं बारसं उरकून टाकलं: ओलेकर. मूळ गाव ओल, सध्या मुक्काम पोस्ट बोट.

मुलीकडे सहा महिन्यांसाठी लंडनला गेलेल्या निवृत्त बापाला दोनच उद्योग असतात. सकाळी चालून येणं आणि किती चाललो ते संध्याकाळी जावयाला सांगणं. मुलीचं घर आल्पर्टनला. घरामागून ग्रँड युनियन कालव्याचा पॅडिंग्टनकडे जाणारा फाटा वाहतो. वाहतो कसला, पडून असतो. हा फाटा १८०१ साली सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे दुसरा बाजीराव गादीवर होता तेव्हा. मालाच्या बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने वाट केलेली होती. घोडे कधीच गेले. आता त्या वाटेवर आमच्यासारखे लोक फिरतात आणि उभे राहून बोटींकडे टक लावून बघतात. अशा बघ्याला तिथे खास शब्द आहे: गाँगूझलर. शब्द ऐकला आणि एकदम घरच्यासारखं वाटलं. पावसाळ्यात वाशिष्ठीला पाणी किती चढलं ते बघायला पुलाच्या कठड्याला टेकणारे आम्ही चिपळूणकर जन्माने गाँगूझलरच. फक्त कुणी नाव ठेवलं नव्हतं. म्हणजे नावं ठेवत होते, पण वेगळी.

तर डिसेंबरातली सकाळ, बाहेर तीन अंश. एका लांबलचक हिरव्या बोटीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि आत कानटोपी घातलेला एक साठीचा गृहस्थ फडक्याने काचा पुसतोय. फडकं भिजलं की बादलीत नव्हे, मापाच्या भांड्यात पिळतोय. भांडं डोळ्यांसमोर धरून त्याने रेघ वाचली, वहीत काहीतरी टिपलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "एकशे ऐंशी."

पाऊण पेला पाणी पुसून इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "रात्री पाऊस आत आला वाटतं?"

"पाणी वरून येत नाही."

"मग खालून? कालव्यातून?"

ओलेकरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं आमचे गणिताचे मास्तर शून्याने भागणाऱ्याकडे बघत. स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "पाणी इथून येतं."

(इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असल्यामुळे ते मला अरेतुरे करत होते की अहोजाहो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपलं अहोजाहो धरून चाललो.)

ही एक जातच आहे. इंग्लंडच्या कालव्यांवर बोट हेच घर करून राहणारे बरेच आहेत. त्यातले काही हौसेने राहतात, काही लंडनचं भाडं परवडत नाही म्हणून. पण पहिला हिवाळा काढला की हौशी काय नि गरजू काय, सगळे एकाच पंथाला लागतात. या पंथात कुणी "कसं काय" विचारत नाही, "किती टक्के" विचारतात. आजारपणाचा विषय निघाला की आमच्याकडे जसं प्रत्येकाकडे एक औषध असतं, तसं इथे प्रत्येकाकडे ओलीवर एक औषध असतं. कुणी मांजराच्या शीची वाळू मोज्यात भरून कपाटात टांगतो, कुणी कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांचे डबे कोपऱ्याकोपऱ्यात ठेवतो, कुणी व्हिनेगरचा फवारा घेऊन फिरतो आणि त्याच्या घराला कायम कांदा-व्हिनेगरच्या वाटीचा वास येतो. प्रत्येकाला शेजाऱ्याचं औषध हास्यास्पद वाटतं. ओलेकर या सगळ्यांच्या वर, कारण त्यांच्याकडे औषध नाही, निदान आहे.

निदान असं. बोट पोलादी. लांबी ५७ फूट, रुंदी ६ फूट १० इंच, कारण तिथल्या बऱ्याच कालव्यांवर पाण्याच्या पायऱ्या चढायला-उतरायला बांधलेली लॉकं सात फुटी आहेत. आपल्या रेल्वेच्या डब्याची लांबी थोडी कमी करून रुंदीतला तिसरा हिस्सा कापून टाका, झाली बोट. अशा नळीत माणूस राहतो, म्हणजे श्वास घेतो, आणि दुर्दैवाने सोडतोसुद्धा. झोपलेला माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. वीस अंशांची एक घनमीटर हवा सतराएक ग्रॅम वाफ पोटात ठेवू शकते, शून्य अंशाची जेमतेम पाच. ऊबदार हवा थंड काचेला, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला नाहीतर पोलादाला टेकली की पोटातलं ओकते. भिंतींच्या आत फोमचा जाड थर मारलेला असतो तिथे काही होत नाही. पण फोम जिथे चुकला, तिथे हवा बरोबर जाऊन टेकते. कर्जदाराने न सांगता सावकाराला जसा पत्ता सापडतो, तसा ओलीला सापडतो. गादीखाली, कपाटाच्या पाठीशी, बुटांत, पुस्तकांत. मग आधी कुबट वास, मग काळे ठिपके.

"आणि गॅस!" ओलेकर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला, जसा घरातल्या व्यसनी भावाबद्दल बोलताना येतो. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. त्यांच्या बोटीवर १३ किलोची टाकी असते. ती संपली म्हणजे एकवीस लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत ओतलेलं. मी मनात आमच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा हिशोब केला आणि चिपळूणच्या घरी चाळीस वर्षांत सौभाग्यवतींनी किती बादल्या ओतल्या असतील या विचाराने खाली बसलो. बसलो तो ओलेकरांच्या पायरीवर. अशी आमची मैत्री झाली.

दुसऱ्या आठवड्यात चहाचं बोलावणं आलं. ओला कोट आणि छत्री बाहेरच ठेवायला लावली. आत हवेतली ओल टक्क्यांत मोजणारे तीन हायग्रोमीटर: एक बिछान्यापाशी, एक ओट्यापाशी, एक कपाटात. मी आत पाऊल टाकलं तेव्हा ५८ होते. ओलेकर चहा करताना किटलीच्या तोंडाकडे, आई नव्याने चालणाऱ्या पोराकडे बघते तसं बघत होते. गप्पा रंगल्या. मी कोकणातल्या पावसाचं वर्णन करत होतो आणि मधूनमधून त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या काट्याकडे जात होती. दोन तासांनी उठलो तेव्हा ७१.

"तुम्ही तासाला साधारण पन्नास ग्रॅम," ते म्हणाले. "मीही पन्नास. चहा वेगळा धरला आहे." वहीत त्या तारखेपुढे ७१ लिहून त्यांनी कंसात "चिपळूण" असं टिपलं. उद्धटपणा नव्हता हो त्यात. या माणसाला पाहुणा आवडतो, पाहुण्याने श्वास घेतलेला आवडत नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा भरवसा लोखंडी शेगडीवर. कोळशाच्या विटा टाकायच्या आणि ती ऑक्टोबरात पेटवली की मार्चपर्यंत विझू द्यायची नाही. धुराड्यातून वाफेसकट हवा वर खेचली जाते आणि बाहेरची कोरडी हवा आत येते. पूर्वी मालाच्या बोटींवर अख्खं कुटुंब दहा फूट बाय सात फुटांच्या मागच्या खोलीत राहायचं, शेगडीसकट, पितळी गोळ्यांसकट, गुलाबांची नि किल्ल्यांची चित्रं रंगवलेल्या डब्यांसकट. "त्यांना ओल नव्हती," ओलेकर ठामपणे म्हणाले, "कारण त्यांची शेगडी विझतच नव्हती." पुराव्यादाखल त्यांनी एल. टी. सी. रोल्टचं १९४४ सालचं 'नॅरो बोट' काढून दाखवलं. या पुस्तकाने त्या देशाला कालव्यांचं वेड लावलं आणि दोन वर्षांनी कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर करड्या रंगाची बुरशी होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली नाही.

"बाहेरची कोरडी हवा" हे मात्र मला पटेना. बाहेर धो धो पाऊस आणि हा माणूस खिडक्या उघडतो! मग त्यांनी वहीचं पान पलटून समजावलं. पाच अंशांची हवा पावसाने ठासून भरलेली असली तरी घनमीटरला सातच ग्रॅम वाफ. ती आत येऊन वीस अंशांना तापली की चाळीस टक्क्यांची होते, म्हणजे खडखडीत. मी हसलो आणि म्हटलं, आता आमचं ऐका. जुलैत चिपळूणला बाहेरची हवा सत्तावीस अंशांची आणि नव्वद टक्क्यांची. खिडकी उघडली की ओल बाहेर जात नाही, पाहुण्यासारखी आत येते आणि श्रावणापर्यंत राहते. मीठ बरणीत वितळतं म्हणून तांदळाचे दाणे टाकतो. पापड सादळतात. पोराची दुपटी टोपलीवर पसरून खाली निखारे ठेवतो. चामड्याच्या चपलेवर आठ दिवसांत पांढरी दाढी उगवते. लग्नातला कोट दसऱ्याला बाहेर काढला की आधी वास बाहेर येतो, मग कोट.

"नव्वद?" ओलेकरांनी विचारलं.

"कमीत कमी."

त्यांनी कानटोपी काढली. आपण जगातले सगळ्यात ओले गृहस्थ आहोत, या समजुतीवर ज्याने अकरा हिवाळे काढले त्याला हे ऐकवायला नको होतं, असं मला नंतर वाटलं.

त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. शेजारच्या बोटीवर नवं जोडपं आलं होतं. छपरावर हवा जायला पितळी छत्र्या बसवलेल्या असतात, त्यांत पोरांनी थंडी येते म्हणून मोजे कोंबले होते. शिवाय आत धुराड्याशिवायचा रॉकेलचा हीटर, ज्यात लिटरभर रॉकेल जाळलं की सुमारे लिटरभर पाणीच हवेत येतं. ओलेकर छपरावर चढले, मोजे उपसले आणि त्या पोरांच्या हातात दिले. ओल माणसाला हळूहळू खाते, पण बंद बोटीतला कार्बन मोनॉक्साइड रात्रीत संपवतो. २०१९ पासून बोटींवर त्याचा गजर सक्तीचा झाला आहे. एरवी बुरशीच्या ठिपक्यावर अर्धा तास बोलणारा हा माणूस त्या दिवशी चार वाक्यंच बोलला. हायग्रोमीटरच्या वेडाला मी हसतो, या चार वाक्यांना नाही.

कायमचा धक्का नसलेल्या बोटीला दर १४ दिवसांनी जागा बदलावी लागते. त्यामुळे मित्राला भेटायला जायचं तर आधी मित्र शोधावा लागे: कधी हॉर्सेंडन टेकडीखाली, कधी ग्रीनफर्डला. जानेवारीत बोट पुन्हा आल्पर्टनला लागली तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, त्यांना जेवायलाच बोलवा. आले. आपल्याकडे पाहुणा पेढे आणतो, यांनी खिशातून हायग्रोमीटर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. ७६! रेडिएटरवर जावयाचे बनियन वाळत होते. कुकरची पहिली शिट्टी झाली तसे ओलेकर दचकले, दुसरीला त्यांनी डोळे मिटले, तिसरीला मला म्हणाले, "अजून किती?" वरणभात मात्र दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, "झोपायच्या खोलीतलं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे का?" जावई ओशाळला. तिघांनी मिळून कपाट ओढलं. मागे भिंतीवर काळ्या बुरशीचा चांगला हातभर पट्टा पसरलेला, कोकण किनारपट्टीसारखा, वर डहाणूपासून खाली रेडीपर्यंत. पक्क्या विटांचं घर आणि ते बोटीहून ओलं! ओलेकरांनी विजयाचा शब्दही काढला नाही. फडकं मागितलं, व्हिनेगर मागितलं, खिडकी उघडायला लावली आणि पुसायला लागले. जाताना बजावलं: कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, भांड्यांवर झाकणं, कपडे न्हाणीघरात दार लावून आणि पंखा चालवून, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खिडक्या उघड्या. मी गेली कित्येक वर्षं सांगितलेल्या एकाही गोष्टीचं पालन माझ्या मुलीने केलेलं नाही. हे सगळं ती करते.

मार्चात मी निघालो तेव्हा तो टेबलावरचा हायग्रोमीटर त्यांनी मला दिला. चिपळूणला आणून तो देवघराच्या भिंतीवर लावला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काटा ९५ वर गेला आणि तिथेच बसला. हालवून पाहिला, टिचकी मारून पाहिली, काही नाही. शेवटी त्याचा फोटो काढून ओलेकरांना पाठवला. त्यांचं उत्तर पाचच मिनिटांत आलं. विमानाचं तिकीट किती पडतं, असं विचारलं होतं.