व्हायाकाका

रत्नागिरीच्या रहाटाघर स्टँडवर चौकशीची खिडकी आहे, वेळापत्रक आहे आणि प्रत्येक गाडीच्या कपाळावर पाटी आहे. या तिघांवरही विश्वास नसलेला एक गृहस्थ तिघांच्या बरोबर मध्ये उभा असतो. काखेत छत्री, पायात पावसाळी चपला (मे महिन्यातसुद्धा), शर्टाच्या खिशात चष्मा आणि त्यामागे तिकिटांची चळत. हे व्हायाकाका. असे व्हायाकाका एकटेदुकटे नाहीत. मारुती मंदिरला एक आहेत, साळवी स्टॉपला एक आहेत, पावसला तर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

व्हायाकाकांना नोकरीतून मोकळं होऊन बराच काळ झाला. नोकरी कुठल्या खात्यात होती हे ते सांगत नाहीत. एसटीत नव्हती एवढं नक्की, कारण एसटीतला माणूस एसटीबद्दल इतकं बोलत नाही.

त्यांची समीक्षा ऐकायची तर एखाद्या मुलीने फक्त एवढंच विचारावं लागतं, "काका, ही नाचण्याला जाते?"

"जाते. पण तू नाचण्यात कुठं उतरणार?"

"गोडाऊन स्टॉपला."

"मग जाते असं म्हणता येणार नाही. नेते, इतकंच."

आता यातला फरक काय, असं त्या मुलीने विचारू नये. पण ती विचारते, आणि काका छत्री काखेतून काढून जमिनीवर टेकवतात. छत्री टेकली की निदान दोन गाड्यांचं विवेचन होतं. सकाळची नाचणे चांगली, कारण ती मारुती मंदिरला रेंगाळत नाही. दुपारची नाचणे जाते, पण मनापासून जात नाही. संध्याकाळची गर्दीला घाबरून सुटते, त्यामुळे तिच्यात 'ठहराव' नाही. खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरही ऐकत असतो. आपण रोज चालवतो त्या गाडीत एवढं काही आहे हे त्याला इथेच कळतं. शेवटी कंडक्टर ओरडतो, "काका, चढू दे तिला. उरलेलं तिला उद्या सांगा."

काकांची बाजू घेऊन सांगायचं तर गोंधळ त्यांनी निर्माण केलेला नाही. तो जमिनीतच आहे. रत्नागिरी एका बाजूला समुद्र, उत्तरेला शिरगावची खाडी आणि दक्षिणेला भाट्याची खाडी यांच्यात अडकलेली. जुनं गाव खाली, नवं गाव वर सड्यावर. खालून निघालेल्या बहुतेक गाड्या जयस्तंभ, माळनाका करत मारुती मंदिरला येतात, आणि तिथे एकेकीचं मन बदलतं. एक नाचण्याकडे वळते, एक साळवी स्टॉप, कुवारबाव करत रेल्वे स्टेशनकडे आणि पुढे हातखंब्याकडे जाते. खालच्या बाजूला परटवण्याची वेगळी, भाट्याची वेगळी, मिरकरवाड्याची वेगळी. जिथे जमीनच सरळ जात नाही तिथे पाटी सरळ कशी असणार?

काकांचा खरा अभ्यासाचा विषय मात्र मिऱ्या. बाहेरच्या माणसाला वाटतं मिऱ्या म्हणजे एक गाव. समुद्राकाठी जाकीमिऱ्या आहे, भाटीमिऱ्या आहे, आणि वर सडामिऱ्या आहे. पाटीवर नुसतं 'मिऱ्या' दिसलं की काकांच्या चेहऱ्यावर बंदिश चुकल्यासारखी कळ उमटते. त्यात 'मिरकरवाडा' आणि 'मिरजोळे' हीसुद्धा याच तालुक्यात. चष्मा घरी विसरलेल्या म्हातारीला बंदरावर मासे आणायला जायचं असतं आणि ती औद्योगिक वसाहतीच्या गाडीत चढून बसते. काका तिला हाताला धरून उतरवतात. हे पुण्य त्यांच्या खात्यावर आहे, ते नाकारता येत नाही.

"देशाला विचारा," ते म्हणतात, "मिऱ्या–नागपूर महामार्ग आहे की नाही? आहे. नागपूरवाल्याला विचारा, मिऱ्या कुठला? जाकी, भाटी की सडा? त्याला ठाऊक नाही. म्हणजे आख्खा महामार्ग अर्धवट माहितीवर चाललाय."

निसर्ग चक्रीवादळाचा दाखला तर ते हमखास देतात. ३ जून २०२० रोजी 'बसरा स्टार' नावाचं जहाज वादळात भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच रुतून राहिलं. लोक ते बघायला लांबून यायचे. काकांचं म्हणणं, त्यात बघण्यासारखं काय? कुणाला न विचारता, पाटी न वाचता मिऱ्याला गेलं की असंच होतं.

गणपतीपुळ्याच्या गाडीपाशी काका जरा गंभीर होतात, कारण तिथे पाहुणे असतात. साखरतर, काळबादेवी, आरे-वारे असं किनाऱ्याने गेलं तर पंचवीसेक किलोमीटर, डाव्या हाताला समुद्र. हातखंबा, निवळी, जाकादेवी, चाफे असं आतून गेलं तर जवळजवळ दुप्पट, दोन्ही हातांना झाडं. पाहुणा विचारतो, "लवकर कुठली पोचवते?" हा प्रश्न काकांना फार खालच्या पातळीचा वाटतो. गाणं लवकर कोण संपवतो असं कुणी विचारतं का? ते त्याला समजावतात की आरे-वारे मार्गे गेल्यास देवदर्शन रस्त्यातच निम्मं होतं. निवळी मार्गे गेल्यास सगळं देवावर पडतं. पाहुणा बायकोकडे बघतो. बायको रिक्षाकडे बघते.

काकांनी समीक्षेची भाषा हळूहळू पक्की करत नेली आहे. जी गाडी ठरल्या वाटेने जाते ती 'कोरडी'. जी एखाद्या वाडीत आत शिरून परत फाट्यावर येते ती 'रसाळ'. रात्री गावात मुक्काम करून पहाटे परतणारी वस्तीची गाडी ही त्यांच्या मते एसटीची सर्वोच्च निर्मिती. "ती गावात राहते हो. पाहुणचार घेते. सकाळी निघताना तिच्या इंजिनाचा आवाजसुद्धा माहेरवाशिणीसारखा येतो." रडल्यासारखा की कुरकुरल्यासारखा, हे ते ऐकणाऱ्यावर सोडतात. एसटीचा इतिहास त्यांना पाठ आहे, पण पसंत नाही. १ जून १९४८ला पहिली गाडी पुणे–अहमदनगर धावली, याबद्दल त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही. "सरळसोट रस्ता! त्यात चालवायचं काय आणि चुकायचं काय? पहिली गाडी पावस, पूर्णगड काढायची होती. महामंडळाला पहिल्या दिवशीच सगळं कळलं असतं."

थिबा राजावर त्यांचं विशेष प्रेम आहे. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि तो १९१६मध्ये इथेच वारला. इतिहासकार याला नजरकैद म्हणतात. काकांचं निदान वेगळं: जाताना पाटी होती, परतीची फेरी रद्द झाली आणि कुणी त्याला सांगितलं नाही. तीस वर्षं माणूस बंगल्यातून समुद्राकडे बघतो तो उगीच नाही बघत.

कोकण रेल्वेला मात्र त्यांनी कधी क्षमा केली नाही. १९९८मध्ये मुंबईपासून मंगळुरूपर्यंत मार्ग खुला झाला तेव्हा सगळं गाव आनंदलं. काका एकदा स्टेशनवर जाऊन आले आणि गप्प झाले. इथून एकच रूळ. आलेली गाडी एक तर चिपळूणकडे जाणार, नाही तर राजापूरकडे. फाटा नाही, वळण नाही, 'मार्गे' नाही. चुकीच्या गाडीत बसायचं ठरवलं तरी माणूस फार तर उलटा जाईल. "यात बुद्धीला काम काय?" असं विचारून ते स्टेशनहून सिटी बसने परत आले, आणि त्या बसने वाटेत एक फाटा घेतल्यावर त्यांना बरं वाटलं.

मध्यंतरी त्यांचा भाचा लंडनहून आला होता. तिथल्या भुयारी रेल्वेची एक नॉर्दर्न लाइन आहे. ती मध्येच दुभंगते, एक गाडी बँक मार्गे जाते आणि एक चेअरिंग क्रॉस मार्गे. कॅम्डेन टाउनला नीट पाहिलं नाही तर माणूस भलतीकडे निघतो, असं त्याने सांगितलं. काकांचे डोळे भरून आले. "म्हणजे कॅम्डेन टाउन हे त्यांचं मारुती मंदिर!" ते उद्गारले. त्या दिवसापासून इंग्रजांविषयी त्यांचं मत बदललं. नंतर भाच्याने तिथला प्रसिद्ध नकाशा दाखवला. १९३३ साली हॅरी बेकचा हा नकाशा छापला गेला. सगळ्या रेषा सरळ किंवा तिरक्या, अंतरं धाब्यावर. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हुशार माणूस. पण त्याला परटवण्याची घाटी काढायला दे."

फोनवाल्या पोरांशी त्यांचं वैर नाही. एखादा मुलगा फोनवर नकाशा धरून उभा असला की काका शांतपणे मागे जाऊन वाचतात आणि म्हणतात, "बरोबर आहे. पण हे पूल बांधणाऱ्याने सांगितलेलं आहे, ड्रायव्हरने नव्हे." मुलगा फोन खिशात घालतो. हे काका कसं करतात ते कळत नाही, पण घालतो.

गेल्या पावसाळ्यात कुणीतरी सुचवलं की रत्नागिरीतल्या गाड्यांना मुंबई-पुण्यासारखे नंबर द्यावेत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, म्हातारीकोतारीला सोपं. सूचना तशी शहाणपणाची होती, म्हणूनच काका हादरले. नंबर आले तर त्यांना विचारणार कोण? पण ते स्वार्थी नव्हेत, त्यांनी तत्त्वाचा मुद्दा काढला. तिन्ही मिऱ्यांत एक नंबर कुणाला? सड्याला दिला तर जाकीवाले मोर्चा आणतील, जाकीला दिला तर भाटीवाले आमदारांकडे जातील. दोन नंबरचं गाव व्हायला कोकणात कोण तयार होईल? हा मुद्दा एवढा बिनतोड होता की सुचवणारा गृहस्थच पुढे चार दिवस स्टँडवर दिसला नाही.

मग काकांनी स्वतःच तोडगा काढला. नंबर नको, पाटीच पूर्ण लिहा. त्यांनी घरी बसून नमुन्याची एक पाटी तयार केली, सुवाच्य अक्षरात, फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजू भरून. तिच्यात मुरुगवाडा आला, पंधरामाड आला, कुठल्या दिवशी बाजारामुळे कुठून वळसा पडतो ते आलं, भरतीच्या वेळचा इशारा आला, आणि खाली कंसात 'शाळा असल्यास' हेही आलं. कागद घेऊन ते खिडकीपाशी गेले. आतल्या वाहतूक नियंत्रकाने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, पान उलटलं, पुन्हा वाचलं.

"काका, मार्गे सगळं आलंय," तो म्हणाला. "पण गाडी जायची कुठे ते लिहायचं राहिलं."

काकांनी छत्री काखेत मारली.

"ते ड्रायव्हरला माहीत असतं," ते म्हणाले.