मॅडलिनबाई गातात

मॅडलिन कान या अमेरिकी विनोदी अभिनेत्रीला पाहून प्रेक्षक गडाबडा लोळायचे. बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे याचा पत्ताच नसायचा. निदान पडद्यावर तरी तसं वाटे. ‘वॉट्स अप, डॉक?’ (1972) या चित्रपटातली त्यांची युनिस घ्या. ठरलेला नवरा डोळ्यांदेखत हातचा जायला निघालाय, तरी बाईंच्या केसांची घडी मोडत नाही. आवाज किनरा आणि दुखावलेला. साधी हाक मारली तरी तक्रार नोंदवल्यासारखी. शिष्ट, मानी, पटकन रुसणाऱ्या बायका त्यांनी जन्मभर रंगवल्या, पण डोळा मिचकावून ‘बघा, मी गंमत करतेय’ असं कधी सुचवलं नाही.

हाच आवाज ऑपेरात तयार झालेला होता, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार? कॉलेजच्या दिवसांत त्या एका जर्मन थाटाच्या हॉटेलात गाणारी वेट्रेस होत्या. तिथे एका इटालियन गिऱ्हाइकानं ‘मॅडम बटरफ्लाय’ची फर्माईश सोडली, म्हणून ऑपेराकडे वळले, असं त्या पुढे सांगत. पदवी घेतली ती वाचोपचाराची. पण 1968 साली संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनच्या पन्नाशीनिमित्त न्यूयॉर्कात त्याच्या ‘कँडीड’ची मैफल झाली, तेव्हा कुनेगोंडे गायला उभ्या राहिल्या त्या याच. त्या भूमिकेचं मुख्य गाणं म्हणजे गळ्याची अग्निपरीक्षा: नायिका अब्रू गेली म्हणून रडते, दागिने पाहून खुलते, आणि हे सगळं भल्याभल्या सोप्रानोंना घाम फोडणाऱ्या पट्टीत. गाणं विनोदी, पण एक सूर घसरला तर विनोदही गेला. दोन वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधली म्युझेटाही त्यांनी गायली.

पुढे दिग्दर्शक मेल ब्रुक्सनं ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये (1974) त्यांना मार्लीन डीट्रिखची नक्कल करायला लावली. पुरुषांना कंटाळलेली, बोबडी, बेसूर गायिका. बाई सुराच्या अगदी खाली येऊन थांबतात आणि तिथेच आळसावून बसतात, वर जायचं नावच नाही. इतकं मोजून बेसूर व्हायला सुराचा पक्का पत्ता लागतो. कुनेगोंडेला टाळ्या मिळाल्या. या कंटाळलेल्या बाईला थेट ऑस्करचं नामांकन! कलेची कदर होते ती अशी.

मग 1978 साली ब्रॉडवेवर ‘ऑन द ट्वेंटिएथ सेंच्युरी’ आलं. हसवायचं आणि खणखणीत गायचं, अशी दोन्ही कामं एकाच भूमिकेत. बाईंसाठीच घडवल्यासारखी. पण आठवड्याला आठ प्रयोग म्हणजे गळ्याची गिरणीच. दोनेक महिन्यांत बाईंनी ती भूमिका सोडली. नाट्यसृष्टीनं मात्र टोनी पुरस्काराच्या नामांकनात त्यांना आठवणीनं धरलं.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात सुंदर गाणं ‘यंग फ्रँकेन्स्टाईन’मध्ये (1974) आहे. लिपस्टिक पुसेल म्हणून होणाऱ्या नवऱ्याला ओठांजवळ फिरकू न देणारी एलिझाबेथ राक्षसाच्या तावडीत सापडते आणि ऐन प्रसंगी व्हिक्टर हर्बर्टच्या जुन्या ऑपेरेटातलं प्रेमगीत टिपेला नेऊन सोडते. सिनेमा पाहाल तेव्हा तेवढ्यापुरतं हसू जरा आवरा. तो आवाज उसना नाही. बाईंचा स्वतःचा आहे.