पाचशेच्या आतलं नाटक

मागच्या अंगणात कढीपत्ता तोडायला गेले की भिंतीपलीकडे काकू उभ्या असतातच. मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या सोसायट्यांत ही छातीएवढी भिंत अजून शिल्लक आहे. बिल्डरची दृष्ट लागायची तेवढी बाकी आहे. झाड आमचं, फांद्या त्यांच्याकडे. त्यामुळे पानं निम्मी निम्मी आणि बातम्या सगळ्या त्यांच्या.

"वाचलंस का गं? म्हणे नाटकवाल्यांना अनुदान. आणि आपल्या कोपऱ्यावरचं गटार चार महिने उघडं आहे ते उघडंच! बरं, सरकारकडून घेतात ते घेतात, वर आपल्याकडून पाचशे रुपयेही घेतात."

"पाचशेच का घेतात, काकू? साडेपाचशे का नाही?"

"लाज वाटत असेल."

लाज नाही, जीएसटी. नाटकाचं तिकीट पाचशेपर्यंत असलं तर त्यावर कर नाही. पाचशे एक झालं की लागू. 2018 च्या आधी ही रेघ अडीचशेवर होती. आमच्या घरात हिशेब लिहिणारा माणूस असल्यामुळे मला असल्या गोष्टी जेवताना ऐकाव्या लागतात. म्हणजे नाटकाच्या तिकिटावर जो आकडा छापलेला असतो तो नटाच्या भावाचा नव्हे, कराच्या रेघेचा. काकूंनाही सरकारने सूट दिली होती, त्यांना पत्ता नव्हता इतकंच.

"ते काही मला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "आमच्या सांगलीला नाटक जन्माला आलं ते काय अनुदानावर?"

काकूंचं माहेर सांगलीचं. पाच नोव्हेंबर आला की त्या दिवसभर अशा वावरतात, जणू 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते यांच्याच ओसरीवर.

"तेव्हा खर्च कुणी केला होता, काकू?"

"राजेसाहेबांनी. चिंतामणराव पटवर्धनांनी."

"मग अनुदानच की ते."

"अगं, त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले!"

"आणि खिशात कुठून आले? शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच ना?"

काकू एकदम कढीपत्ता निवडायला लागल्या.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 1851 साली राजेसाहेब वारले, आश्रय तुटला, आणि भाव्यांवर मंडळी घेऊन गावोगाव हिंडायची पाळी आली. 1853 मध्ये ते मुंबईला आले, ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. आश्रय राहिला असता तर मुंबईला नाटक इतक्या लवकर दिसलं असतं का, कोण जाणे. सरकारने पैसे द्यावेत की नाटकाने आपलं आपण कमवावं, हा वाद आपण दर वर्षी नव्याने घालतो. भाव्यांच्या दोन्ही बाजू पहिल्या दहा वर्षांतच भोगून झाल्या होत्या.

इतक्यात खिडकीतून काकांचा आवाज आला. ते एल. बी. एस. रोडवरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले; कारखान्याच्या जागी आता टॉवर आहे. "तिला विचार, माझ्या पगारातून जून आणि डिसेंबरला काय कापलं जायचं?"

कामगार कल्याण निधी. 1953 च्या कायद्याखाली कामगाराचे थोडे पैसे, मालकाचे थोडे जास्त आणि सरकारची भर, अशी ती वर्गणी. तिच्यातून ललित कला भवनं चालली, कामगारांच्या नाट्यस्पर्धा झाल्या. एका वर्षी काका हवालदार झाले होते, दोन वाक्यांचे. तालमी पाळी सुटल्यावर, टोपी खऱ्या हवालदाराची मागून आणलेली, आणि पट्टा काकूंनी जुन्या पर्सचा कापून शिवलेला. दुसरं वाक्य काका विसरले, ते विंगेतून प्रॉम्प्टरने इतक्या मोठ्यांदा सांगितलं की टाळी त्यालाच पडली. हे काकूंनी मला किमान वीसदा सांगितलंय आणि दर वेळी पदराने डोळे पुसलेत.

"मग तुमचा हवालदारही अनुदानावरचाच," मी म्हटलं.

"पगारातले होते ते!"

"तेच म्हणतेय मी."

मग गाडी सिनेमाकडे वळली. मराठी चित्रपटाला 'अ' दर्जा मिळाला तर चाळीस लाख, 'ब' ला तीस. काकूंच्या भाच्याने अशाच एका चित्रपटात क्लॅप दिला होता. तो कुठे लागला आणि कधी उतरला, हे घरच्यांनाही कळलं नाही. याबाबत माझं आणि काकूंचं एकमत आहे, म्हणून त्यावर फार वेळ गेला नाही.

वृद्ध कलावंतांच्या मानधनावर मात्र गेला. पूर्वी तिथेही अ, ब, क होतं: 3150, 2700 आणि 2250. 2024 पासून सरसकट पाच हजार. "बटाट्यासारखी प्रतवारी करत होते मेले," काकू म्हणाल्या, "बरं झालं बंद केली." आयुष्यभर फडावर नाचलेली बाई क वर्गात का आणि कोण ठरवणार, हा त्यांचा प्रश्न मला कुठल्याही चर्चासत्रापेक्षा नेमका वाटला.

फडावरून आठवलं, माझं माहेर घाटकोपरचं. तिथल्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे कितीतरी वर्षं झोपडीत राहिले. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तमाशावर बंदी आली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच तमाशाचं लोकनाट्य केलं आणि लोकांपुढे ठेवलं. आता चिरागनगरात त्यांचं स्मारक सरकारी पैशाने करायचं ठरलंय. काकू म्हणाल्या, "जिवंतपणी बंदी आणि मेल्यावर चौथरा." मी काही बोलले नाही. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मला विचाराल तर निर्मात्याच्या हातात पडणाऱ्या धनादेशापेक्षा उपनगरातलं मोठं अनुदान म्हणजे नाट्यगृह. पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, आमचं कालिदास, तिन्ही महापालिकेची. ही नसती तर आमच्या काकू गुडघे धरत दादरला शिवाजी मंदिरात गेल्या असत्या, की टीव्हीपुढे बसल्या असत्या? बसल्याच असत्या. आणि भांडायचंच असेल तर इथे भांडावं. मागे एका नाट्यगृहात (नाव घेत नाही, मला पुन्हा जायचंय) मध्यंतरात बायकांची रांग जिन्यापर्यंत, आत नळ कोरडा. तिसऱ्या घंटेनंतर निम्म्या बायका अंधारात खुर्च्या चाचपत आल्या. नाटकाला किती लाख मिळाले यावर आपण तावातावाने बोलतो, पण नळाला पाणी का नाही याचा अर्ज कुणी लिहीत नाही.

"आमच्या खालच्या बेन बघ," काकूंनी शेवटचं अस्त्र काढलं. "त्यांचं मंडळ अख्खा प्रयोगच विकत घेतं. सरकारकडे बघत बसत नाहीत ते."

खरंच आहे. गुजराती रंगभूमी मुंबईत मंडळांनी घेतलेल्या अशा प्रयोगांवर वर्षानुवर्षं तगली आहे. आपल्याकडे पास कुठे मिळतो याची चौकशी आधी.

"मग आपली भिशी आहे की, काकू. अख्खं नाटक नको, दोन रांगा घेऊ."

काकूंनी कढीपत्ता पदरात बांधला. "बघू," म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी भिशीची वही फिरून माझ्याकडे आली. पहिलं नाव त्यांचंच होतं, पुढे काकांचं. दोन तिकिटं, बाल्कनी, तीनशेवाली.