मेंदूच्या बाई

शाळेत गणिताच्या बाई असतात, भूगोलाच्या बाई असतात. मी मेंदूची बाई आहे. विद्यापीठाच्या वेळापत्रकात विषयाचं नाव ‘न्यूरोसायन्स’ असं भारदस्त छापलेलं असलं, तरी लग्नाच्या पंगतीत माझी ओळख अशीच करून दिली जाते. मग जिलबीच्या आधी प्रश्न येतात. ‘‘बदाम भिजवून द्यायचे की तसेच?’’ ‘‘आमचा नातू डाव्या मेंदूचा की उजव्या?’’ मी औषध देणारी डॉक्टर नाही, पीएच.डी.वाली आहे, हे कळलं की शेजारच्या काकू हळहळतात. एवढं शिकून पोरीनं काय केलं, असं त्यांना वाटत असावं.

‘माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो’ हे वाक्य तर पंगतीत कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्याचा थाट असा, जणू उरलेले नव्वद टक्के त्यानं मुदत ठेवीत टाकलेत! खरं तर सुमारे 1.4 किलोचा हा अवयव शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के भरतो आणि आपण नुसते लोळत असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला 20 टक्के वाटा फस्त करतो. रिकामटेकड्या नव्वद टक्क्यांना निसर्गानं इतकं पोसलं नसतं. आपण एकमेकांचं डोकं अधूनमधून खातो. डोकं आपल्याला अहोरात्र खातं.

वर्गातले प्रश्न निराळे. गोल्जी आणि काहाल या शास्त्रज्ञांना 1906चं नोबेल विभागून मिळालं. मेंदूच्या पेशी रंगवून दाखवण्याची पद्धत गोल्जींची; तीच वापरून काहालांनी दाखवलं, की प्रत्येक पेशी सुटी आणि स्वतंत्र असते. गोल्जींना ते सगळं एकसंध जाळं वाटे, आणि नोबेलच्या भाषणातही त्यांनी काहालांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. मी हे रंगात येऊन सांगते, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘‘मॅडम, पेपरात कुणाचं लिहायचं?’’

जेवणानंतरच्या तासाला स्मृतीचा धडा आला, की मला हेन्री मोलेसन आठवतात. अपस्मार आवरावा म्हणून 1953 साली त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला आणि नव्या आठवणी साठणंच थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर वर्षानुवर्षं त्यांना भेटत राहिल्या. हेन्रींसाठी प्रत्येक भेट पहिलीच. पण आरशात बघत चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी केलंय, याचा मात्र त्यांना पत्ताच नव्हता! सोमवारी वर्गात शिरल्यावर मुलं माझ्याकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखी बघतात, तेव्हा मी या चांदणीवर भिस्त ठेवते. बाई विसरल्या तरी चालतील. सूक्ष्मदर्शकावरचा हात बसला म्हणजे झालं.

परीक्षा जवळ आली की मुलं वह्यांवर पिवळे, गुलाबी पट्टे ओढत तीच पानं पुन्हा पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा वारंवार वाचला, दुसऱ्यानं एकदाच वाचून नंतर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे कितीतरी पुढे गेले. गंमत म्हणजे ‘आपल्या लक्षात राहील’ असा भरवसा वारंवार वाचणाऱ्यांनाच जास्त होता. हा भरवसा मी दर सत्रात तोंडी परीक्षेच्या दाराशी उभा असलेला बघते. तो आत येईपर्यंतच टिकतो.

‘पुस्तक मिट आणि म्हणून दाखव’ असं दरडावणाऱ्या जुन्या गुरुजींकडे प्रयोगशाळा नव्हती, हिप्पोकॅम्पस त्यांच्या गावीही नव्हता. पण पद्धत त्यांचीच बरोबर निघाली. छडी सोडून बाकी सगळं घेण्याजोगं आहे.

म्हणून पालकांना सांगणं एवढंच. मूल पुस्तकात डोकं खुपसून बसलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. पुस्तक मिटायला लावा आणि ‘काय वाचलंस, सांग’ म्हणा. अडखळलं तर लगेच उत्तर पुरवू नका, कारण त्या अडखळण्यातच खरा अभ्यास होत असतो. आणि मग त्याला वेळेवर झोपू द्या.